बुधवारची चिठ्ठी

पिंपळापुरे बाईंनी कुठल्या मुलाला शाब्बास म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. मुलाच्या डोक्यावरून त्या हातही फिरवत नसत. पाढा बरोबर आला तर "झालं" म्हणायच्या. चुकला तर "झालं, आता परत" म्हणायच्या. दोन्ही वेळा आवाज तोच. उषाला पहिल्या दिवशी त्यांच्या वर्गात सोडून आले तेव्हा मला वाटलं होतं, ही बाई लेकरांना घाबरवून टाकणार. लेकरं घाबरली नाहीत. मोठी माणसं मात्र त्यांना वचकून असत, आणि त्याला कारण त्यांच्या चिठ्ठ्या होत्या.

आता नातीच्या शाळेतून उषाच्या मोबाइलवर रोज फोटो येतात. प्रत्येक फोटोत मुलं हसत असतात आणि हातात काहीतरी धरलेलं असतं. उषा मला दाखवते, म्हणते, बघ आई, किती छान ठेवतात. मी बघते. पोरगी त्या दिवशी कोणाजवळ बसली, काय बोलली, डब्यातलं काय टाकून दिलं, यातलं त्यात काही नसतं. मी उषाला विचारलं, तुला तुझ्या बाईंच्या चिठ्ठ्या आठवतात का? ती म्हणाली, कुठल्या चिठ्ठ्या? मग मी विषय सोडला. पण तिला आठवत नसेल तर निदान कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं, म्हणून ही वही घेतली.

भोपाळच्या कारखान्याची ती टाउनशिप. आमचे हे मशीनवर होते, लग्नानंतर वर्धेहून मला तिथे घेऊन आले. क्वार्टरच्या ओळीत मराठी घरं दोनच, बाकी सगळ्या मुलखाची माणसं. सगळ्यांचं घड्याळ एकच, कारखान्याचा भोंगा. दुसरी पाळी असली की हे दोन वाजता कामावर हजर. उषा शाळेतून चारला यायची तेव्हा घरी नसायचे, आणि रात्री परत यायचे तेव्हा ती झोपलेली असायची. ओळीतल्या सगळ्या बापांचं असंच. पोर एका घरात वाढायचं आणि बापाला रविवारी दिसायचं.

बाई मूळच्या नागपूरच्या. सरकारी कचेऱ्या भोपाळला हलल्या तेव्हा भावाबरोबर आल्या. पुढे भावाची बदली झाली, त्या राहिल्या. सोनागिरीत एका खोलीत एकट्या राहायच्या. उंच, वाळक्या, अंगावर सुती पातळ आणि पायात पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. दिवसभर उभं राहायचं तर चपलेने टाचा जातात म्हणायच्या. पातळाखाली ते बूट बघून पोरं पहिले दोन दिवस हसायची. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. बोलणं नागपुरी, "काय करून राहिल्या?" असं. हिंदी घरं त्यांना बहनजी म्हणायची, आम्ही बाई.

शाळेतून घरी येणारा प्रत्येक कागद वडिलांच्या नावाने यायचा. प्रगतिपुस्तकावर सही वडिलांची, सहलीच्या परवानगीवर सही वडिलांची. बाईंची चिठ्ठी आईच्या नावाने यायची. त्यासाठी वर्ष सुरू झालं की त्या एकेका आईला तिचं नाव विचारून घ्यायच्या. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, उषाची आई.

"ते उषाचं झालं. तुमचं?"

मी सुभद्रा म्हणून सांगितलं. टाउनशिपमध्ये येऊन मला आठ वर्षं झाली होती. तोवर हे नाव कोणी विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांतली कोरी पानं काढून, एका पानाचे पट्टीने चार तुकडे करून त्यावर बाई लिहायच्या. वर्गात चाळीस मुलं. रोज आठ घरांना चिठ्ठी, म्हणजे आठवड्यातून एकदा प्रत्येक घराचा वार. आमचा बुधवार. मराठी घराला मराठीत, बाकीच्यांना सोप्या हिंदीत. पाच-सहा ओळी, त्याहून जास्त कधी नाही. आणि त्यात हुशार, आळशी, गुणी, द्वाड असला एक शब्द नसायचा. शेरा लिहिणं त्यांना आवडत नसे. कोणी विचारलं, बहनजी, हमारा लडका पढने में कैसा है, तर म्हणायच्या, कैसा म्हणजे काय ते मला माहीत नाही, काय केलं ते सांगते.

उषाची एक चिठ्ठी मला पाठ आहे. "उषा आज सकाळी बोलली नाही. डब्यातली पोळी शेजारणीला देऊन तिचा पराठा घेतला. सातचा पाढा सात सत्ते एकोणपन्नासपर्यंत आला, पुढे अडली. दोनचा भोंगा झाला तेव्हा म्हणाली, आता बाबा मशीनपाशी उभे राहिले असतील. चित्रात तिने मशीन काढलं. त्याला डोळे काढले."

मी ती चिठ्ठी फडताळात बशीखाली ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी ती काढली, उभ्या उभ्या वाचली, परत वाचली, आणि बशीखाली ठेवून दाढी करायला गेले. त्यानंतर दर गुरुवारी चहाच्या आधी विचारायचे, कागद आला का? आणि एका रविवारी उषाला मांडीवर घेऊन विचारत होते, सात अट्टे किती गं?

मी चौथी शिकलेली. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते, आजही पडते. पण ओळीतल्या चार-पाच जणींना मुळीच वाचता येत नव्हतं. त्या आपापल्या वारी चिठ्ठी घेऊन माझ्या मागच्या ओट्यावर यायच्या. वाचायला मला जमायचं. वाचताना बोलणं माझं नसतं ना, दुसऱ्याचं असतं. पहिल्यांदा शेजारची रामकली आली. तिचा नवरा कारखान्यात खलाशी, म्हणजे ओझी उचलणारा मजूर, होता, मुलगी मुन्नी उषाच्याच वर्गात. मग बाकीच्या आल्या. "सुभद्रा दीदी, हमार परची बाँच दो." मला नावाने हाक मारणाऱ्या त्या पहिल्या, आणि ते नाव त्यांना कळलं ते बाईंच्या चिठ्ठीमुळे.

एकदा रामकलीची सासू गावाहून आली होती आणि ओट्यावर सुपारी कातरत बसली होती. रामकलीने चिठ्ठी पुढे केली. मी उघडली. त्यात लिहिलं होतं की मुन्नी आज म्हणाली, मेरी अम्मा चूल्हे के पास बैठकर रोती है, धुएँ से नहीं. मी रामकलीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि वाचलं की मुन्नी आज फार खोकत होती.

दोन दिवसांनी भर उन्हात बाई माझ्या दारात उभ्या. रामकलीने मुन्नीला आल्याचा काढा पाजून पाजून बेजार केलं होतं आणि शाळेत निरोप पाठवला होता की आता खोकला बरा आहे.

"मुन्नीला खोकला कोणी लावला?"

मी सासूचं सांगितलं. त्या घाम पुसत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "तर सासू उठेपर्यंत थांबायचं होतं. वाचायचं ते लिहिलेलंच."

मी चहाचं विचारलं. त्या कुणाच्याच घरी चहा घेत नसत, पाणी तेवढं प्यायच्या. चहा घेतला की मग गोड लिहावं लागतं, असं म्हणायच्या. पाणी पिऊन निघाल्या, फाटकाशी थांबल्या, आणि मागे न बघता म्हणाल्या, यापुढे असलं काही असलं तर ते मी रामकलीला स्वतः सांगेन, तुमच्यावर टाकणार नाही. चूक त्यांचीही झाली हे कबूल करायची त्यांची तीच रीत.

कुणासाठी कमी-जास्त लिहिणं त्यांना येत नव्हतं. हा त्यांचा गुण होता असं आज सगळे म्हणतील, पण बरोबर राहणाऱ्याला तो सोसायचा नाही. प्रशासनातल्या एका मोठ्या साहेबांचा मुलगा त्यांच्या वर्गात होता. त्याच्या चिठ्ठीत एकदा आलं, आज याने दुसऱ्याचा डबा पायाने उडवला आणि आयाला म्हणाला, उठा ले, तेरा काम है. साहेब गाडी घेऊन शाळेत आले. आयाने नंतर सगळ्या ओळींत जाऊन तो प्रसंग करून दाखवला. साहेब म्हणाले, असं लिहिण्याची गरज नव्हती. बाई म्हणाल्या, झूठ हो तो काट देती हूँ. साहेब म्हणाले, झूठ की बात नहीं है. तर बाई म्हणाल्या, "तो आप मत पढिए साहब, चिट्ठी मेमसाब के नाम है."

टाउनशिप आठवडाभर हसत होती. साहेब हसले नव्हते. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या वर्षी एप्रिलात दिल्लीहून कोणी फार मोठे पाहुणे कारखाना बघायला येणार होते. शाळा सकाळची झाली होती. सातला मुलांना कागदी झेंडे देऊन मोठ्या रस्त्याच्या कडेला रांगेत उभं केलं. गाडी आठला येणार होती. आठला आली नाही, नऊला आली नाही. भोपाळचं एप्रिलचं ऊन, रस्त्याला झाडं नाहीत. मुख्याध्यापकांना सगळे बडे सर म्हणायचे. त्यांनी सांगून ठेवलं होतं की रांग कोणी सोडायची नाही, गाडी कुठल्याही क्षणी येईल. दहाच्या सुमाराला मुन्नी पडली.

बारा वाजता तिला तोंडावर फडकं धरून घरी आणून सोडलं. सांगितलं, खेलते हुए गिर गई. शाळेच्या रजिस्टरमध्येही तेच लिहिलं होतं. पाहुणे आलेच नाहीत, कार्यक्रम बदलला म्हणे.

त्या दिवशी चाळीस घरांना चिठ्ठी आली. वार कोणाचाही असो. बाईंनी शाळा सुटायच्या आत चाळीस वेळा तेच लिहिलं होतं. रामकली मुन्नीला तशीच निजवून माझ्याकडे आली. चिठ्ठी मी जशी होती तशी वाचली.

"आज मुलं सातपासून उन्हात रस्त्याच्या कडेला उभी होती. गाडी आली नाही. मुलांनी पाणी मागितलं. रांग सोडू नका असं आम्हांला सांगितलं होतं. मी दहापर्यंत ऐकलं, मग पाणी आणायला गेले. मी आधी जायला हवं होतं. मी नळाशी असताना मुन्नी चक्कर येऊन पडली आणि तोंड कडेच्या दगडावर आपटलं. पुढचे दोन दात तुटले. ते दुधाचे नव्हते. ती खेळत नव्हती."

रामकलीची हिंदीत होती, माझी मराठीत, मजकूर एकच. ती म्हणाली, फिर से बाँचो. मी पुन्हा वाचली. ती तिसऱ्यांदा म्हणाली नाही. कागद घेऊन उठली आणि डोक्यावर पदर घेऊन शाळेच्या रस्त्याला लागली. तिच्यामागे आणखी दोघी गेल्या. मी दारातून बघत राहिले. मी गेले नाही, मला चारचौघांत बोलता येत नाही.

त्या तिघींनी शाळेच्या फाटकावर उभं राहून बडे सरांना विचारलं की रजिस्टरमध्ये खोटं का लिहिलं. एवढंच झालं. दगड फेकले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. पण खलाशाची बायको फाटकावर उभी राहून विचारते, हे कारखान्यात त्याच पाळीला पोचलं. दुसऱ्या दिवशी फोरमनांनी एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं, त्या बहनजींचे कागद घरात असतील तर ऑफिसात जमा करा. हुकूम नव्हता. सल्ला होता. रामकलीच्या नवऱ्याने पहिला कागद नेऊन दिला. रामकलीला त्यासाठी मारावंही लागलं नाही. तिने आपणहून काढून दिला. मग बाकीचे गेले. दोन दिवसांत ओळच्या ओळ रिकामी झाली. ज्या बायका दर आठवड्याला माझ्या ओट्यावर बसून पदराने डोळे पुसायच्या, त्या आता म्हणू लागल्या, बहनजी का दिमाग ही ऐसा है, घर में मरद नहीं ना.

ह्यांनी मला विचारलं, आपला कागद कुठे आहे? मी म्हटलं, चुलीत घातला. ते म्हणाले, बरं झालं. कागद ट्रंकेत होता, माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत. ह्यांच्याशी मी खोटं बोलले ते तेव्हा पहिल्यांदा.

बाईंवर चौकशी बसली. आरोप असा होता की त्यांनी चिठ्ठ्यांतून बायकांना भडकवलं, पोरांना शाळेत पाठवू नका, साहेबांच्या बंगल्यावर चला, असं लिहिलं. बाई म्हणाल्या, तसं लिहिलेलं नाही, कागद काढून बघा. जमा झालेले कागद कोणाला सापडेनात. म्हणजे काय लिहिलं होतं ते सांगायला आता वाचलेलं माणूसच हवं होतं. बायका फाटकावर गेल्या त्या दिवशी नवरे कामावर होते, त्यांनी कागद वाचलेच नव्हते, घडी न उघडता जमा केले होते, किंवा तसं सांगत तरी होते. वाचता येणाऱ्या बाकीच्या घरांनी अंग काढून घेतलं. उरले मी.

बाई आमच्याकडे आल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसल्या. हे आत दाढी करत होते, दार उघडं होतं.

"चिठ्ठी आहे?"

मी नाही म्हटलं.

"नसली तरी चालते. तुम्ही वाचली आहे, दोनदा वाचून दाखवली आहे. त्यात काय होतं ते सांगायचं. जास्तीचं काही नको. मी तुमचं नाव दिलंय." आणि घड्याळ बघून उठल्या.

त्यांनी मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. ही गोष्ट मला अजून डाचते. मी येईन का, मला जमेल का, माझ्या घरात काय होईल, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. ज्याला माहीत आहे तो सांगणारच, त्यात विचारायचं काय, असं त्यांना वाटायचं. आठवड्याला चाळीस घरांत काय चाललंय ते दिसणाऱ्या बाईला माझ्या घरातलं एवढं दिसू नये?

हे अर्ध्या गालाला साबण लावलेले बाहेर आले. ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. म्हणाले, "चार्जमनच्या बढतीची यादी मेमध्ये लागणार आहे. मी तुला काही सांगत नाही." आणि आत जाऊन उरलेली दाढी केली.

चौकशी शाळेच्याच ऑफिसात होती. टेबलावर हिरवं कापड, पलीकडे तिघे. मधे तेच साहेब, ज्यांच्या मुलाने डबा उडवला होता. एका बाजूला बडे सर. भिंतीशी स्टुलावर बाई बसल्या होत्या, कॅनव्हासचे बूट जवळजवळ ठेवून, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यांना काळजी दिसत नव्हती. आता झालं, असा त्यांचा चेहरा होता.

रस्त्याने येताना मी ठरवलं होतं की आठवत नाही म्हणेन. आठवत नाही म्हणणं फारसं पाप नाही, असं मनाशी म्हणत आले होते. साहेबांनी फार चांगल्या आवाजात विचारलं, आपके घर चिट्ठी आई थी? मी हो म्हटलं. आपने पढी थी? उसमें क्या लिखा था?

पंखा फिरत होता. आणि माझ्या तोंडून निघालं, "मुझे पढना नहीं आता, साहब."

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ह्यांनीही नाही.

साहेब मागे रेलले. त्यांना एवढ्याची अपेक्षाच नव्हती. ते बाईंकडे वळून म्हणाले, "तो बहनजी, ये चिट्ठियाँ आप लिखती किसके लिए थीं?" आणि बाकीचे दोघे हसले, बडे सरही हसले. मग साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, इनसे आपको कुछ पूछना है?

त्या नुसतं म्हणाल्या असत्या की ही बाई अख्ख्या ओळीला चिठ्ठ्या वाचून दाखवते, कोणालाही विचारा, तर मी तिथल्या तिथे उघडी पडले असते. समोर वर्तमानपत्र पडलं होतं. ते हातात दिलं असतं तरी पुरे होतं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. वर्गात एखाद्या मुलाने काहीतरी केलं की ते नीट बघून घ्यायच्या, तशा बघत होत्या.

"नहीं," त्या म्हणाल्या.

कारकुनाने माझं म्हणणं एका कागदावर लिहून पुढे सरकवलं होतं, वर पेन ठेवलं होतं. ते पेन त्याने उचलून घेतलं आणि शाईचा पॅड उघडला. माझी सही मला चौथीत गुरुजींनी शिकवली होती, सुभद्रा हे पूर्ण नाव, द्रा वळणदार. मी अंगठा दिला.

बाईंना नोकरीवरून काढलं नाही. तसं केलं असतं तर कोणाला तरी बोलावं लागलं असतं. त्यांचा वर्ग काढून घेतला आणि शाळेच्या स्टोअरमध्ये बसवलं, खडू, नकाशे, सतरंज्या यांच्या नोंदी ठेवायला. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे पंधरा-सोळा वर्षं, त्या तिथे होत्या. मुलं स्टोअरसमोरून जायची तेव्हा आतून बूट दिसायचे, असं उषा सांगायची. चिठ्ठ्या बंद झाल्या. त्याऐवजी छापील कार्ड आलं, वडिलांच्या नावाने. त्यात वर्तणूक, स्वच्छता, प्रगती असे रकाने आणि पुढे उत्तम, उत्तम, समाधानकारक. सगळ्या ओळीत सगळ्या मुलांची कार्डं सारखीच. बायका खूश होत्या. रामकली एकदा कार्ड घेऊन आली, मी म्हटलं, यात वाचण्यासारखं काही नाही गं. ती म्हणाली, अच्छा लिखा है ना? बस. मुन्नी हसताना तोंडावर हात धरायला शिकली होती.

हे चार्जमन झाले. आम्हांला पुढे अंगण असलेलं क्वार्टर मिळालं. गुरुवारी सकाळी हे चहा घेत बसायचे आणि काही विचारायचे नाहीत. पहिल्या पाळीला गेले तरी, दुसऱ्या पाळीला गेले तरी, उषाचं काय चाललंय ते त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं तर ऐकून घ्यायचे. बायकांसाठी वाचणं मी सोडलं. कोणी आलंच तर म्हणायचे, डोळे दुखतात.

हे गेल्यावर मी उषाकडे इंद्रपुरीत राहायला आले. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्याच्या इस्पितळात औषधाला गेले होते. तिथे भिंतीवर नवीन सूचना लावली होती, हिंदीत टाइप केलेली, बारीक अक्षरात. मी चष्मा लावून ती वाचून काढली होती आणि बाकावर बसायला वळणार होते. शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. बाई होत्या. पाठीत वाकलेल्या, केस अगदी पांढरे, हातात काठी. मला ओळखलं की नाही ते पहिल्या क्षणी कळेना. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली.

त्यांनी सूचनेवर बोट ठेवलं आणि मला मराठीत वाचून दाखवायला सुरुवात केली.

एकेक ओळ, सावकाश. ज्या कर्मचाऱ्याचे निधन झाले आहे त्याच्या पत्नीने मेडिकल बुक नवीन करून घ्यावे. सोबत काय आणायचं, कुठल्या खिडकीवर द्यायचं, कुठल्या वारी. आवाज पूर्वीसारखाच, ना गोड ना कडू. बोट ओळीखालून सरकत होतं. रांगेतली माणसं आमच्याकडे बघत होती. बाई, मला वाचता येतं, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. एवढ्या वर्षांत मी ते मनात किती वेळा म्हटलं होतं. त्यांनाही ते माहीत होतं. त्या मला शिक्षा करत होत्या, की त्या दिवशी माझी जी बाजू त्यांनी राखली ती अजून राखत होत्या, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.

शेवटची ओळ संपली. "समजलं?"

मी म्हटलं, समजलं.

"आणखी काही वाचून द्यायचं आहे?"

माझ्या हातात डॉक्टरांनी दिलेला कागद होता. मी तो पुढे केला. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, कागद दोन्ही हातांनी डोळ्यांजवळ धरला, आणि गोळ्यांची नावं वाचू लागल्या. सकाळी एक, जेवणानंतर. रात्री एक, झोपताना. मी पदर डोक्यावर ओढून ऐकत उभी राहिले.